मदत हवी आहे : अंगठा उमटत नाही, चेहराही ओळखला जात नाही, हयातीचा दाखला कसा द्यावा?

माझ्या 83 वर्षांच्या सासूबाईंना केंद्र सरकारचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून वेळ हाताशी आहे. बोटांच्या रेषा झिजल्याने ठशांचे यंत्र दाद देत नाही. 2021 पासून ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन सेवेमध्ये आलेली चेहरा-ओळख अँड्रॉइड फोनवर, भरपूर उजेडात आणि चष्मा काढून करून पाहिली, परंतु एक पापणी अर्धवट मिटलेली असल्याने डोळ्यांची उघडझाप नोंदलीच जात नाही. आधारमधील ठसे त्या चालत्याफिरत्या असतानाच अद्ययावत केले होते. आता त्यांना घराबाहेर नेणे शक्य नाही. कागदी दाखल्याबद्दल बँकेत प्रत्येक खिडकीवर निराळे उत्तर मिळते, हे विशेष.

बुबुळ तपासणारे यंत्र घरी आणणारी सेवा पुण्यात कोणी वापरली आहे का, आणि तीही निष्फळ ठरल्यास कागदी दाखल्यावर नेमकी कोणाची सही चालते?