गावातून काम करतो, अजाइल कुठून शिकू?

दारव्हेकर: बारा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे, सगळी गँट चार्ट, म्हणजे कामांच्या तारखांचे पट्टे, आखण्यात गेली. सध्या दारव्हा तालुक्यातल्या घरून काम चालतं. आता कापसाच्या जिनिंग मिलचं सॉफ्टवेअर आलंय आणि साहेब म्हणतात, स्क्रमनं करा, म्हणजे अजाइलमधली ती थोडं थोडं बनवून दाखवत जायची पद्धत. टीम सात जणांची, अर्धी नागपूरला, अर्धी पुण्यात. इथं लाइनचा, म्हणजे विजेचा, भरवसा नाही, लाइव्ह क्लास जमत नाही. शिवाय फी बघून घाम फुटला. काय करू?

काळीमाती: आधी पैसे घालू नका. 2020 ची स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमच्या नियमांची पुस्तिका, फुकट मिळते, पंधरा पानंही नाहीत. फोनवर उतरवून ठेवा. वाचताना एक गोष्ट टोचेल. त्यात प्रोजेक्ट मॅनेजर हे पदच नाही. काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, पद्धत नीट चालतेय ना ते बघणारा स्क्रम मास्टर, बनवणारे डेव्हलपर्स, संपलं. मला हे पचायला सहा महिने लागले. डेली स्क्रममध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या 15 मिनिटांच्या बैठकीत, मी मास्तरासारखी हजेरी घ्यायचो, पोरं मलाच उत्तरं द्यायची. एक दिवस घसा बसला म्हणून गप्प राहिलो, तर दोघांनी आपसात बोलून अडलेलं काम सोडवलं!

वऱ्हाडी_पोट्टा: हाव ना भाऊ. अन् परीक्षेची घाई कायले? पीएसएम-1 ले, म्हंजे स्क्रम मास्टरच्या परीक्षेले, क्लासची सक्ती नाही. 60 मिनिटं, 80 प्रश्न, पास व्हायले 85 टक्के. देसान तवा इन्व्हर्टर चार्ज करून बसजा, लाइन गेली त घड्याळ थांबत नाही.

दारव्हेकर: मिलवाल्यांना काटा, ग्रेड, गाठी, हिशेब सगळं एकदमच पाहिजे. पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या पहिल्या टप्प्यात, काय घेऊ?

काळीमाती: फक्त काटापावती. आम्ही तेच केलं. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, छापा. दोन आठवड्यांनी काट्यावरच्या काकांना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "ओलावा कुठं लिहू?" तो आकडा ते पावतीच्या मागं पेनानं लिहायचे. आमच्या साठ पानी रिक्वायरमेंटमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. मात्र सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली की गाड्यांची रांग लागते, त्याआधी हे उरका.

गाठवाला: थोडं वेगळं मत. ऐन हंगामात रोज नवीन बिघाड येतो, स्प्रिंटचा बेत टिकत नाही. तेव्हा कानबान बरं, म्हणजे कामांची कार्डं फळ्यावर रकान्यांत मांडायची पद्धत. 'चालू' रकान्यात तीनच कार्डं, चौथं घ्यायचं तर आधी एक संपवा. आमच्याकडे फळ्यावर खडूनंच चालतं.

दारव्हेकर: गाइड उतरवली. उद्या काट्यावर जाऊन बसतो. डेली साडेनऊला ठेवतो, दहाला लाइन जाते.