गुहेच्या सर्व्हेसाठी लेझर मीटर कुठला घ्यावा?

पाऊलवाट: नमस्कार मंडळी. आम्ही चौघं गुहांचे नकाशे करतो. आत्तापर्यंत ३० मीटरची फायबर टेप, हातातलं होकायंत्र आणि उतार मोजायला क्लिनोमीटर यावरच काम चाललंय. टेप चिखलात बरबटते, दर लेगनंतर (एका स्टेशनपासून, म्हणजे मोजणीच्या खुणेपासून, पुढच्या स्टेशनपर्यंतचं माप) पुसत बसायचं, ११ ते १४ मीटरमधले आकडे तर घासून गेलेत. छताची उंची नुसती अंदाजाने लिहितो. बजेट फार कमी आहे, फक्त अंतर मोजणारा साधा लेझर हवाय. कुठला घेऊ?

खोलवर: थेट डिस्टोएक्स२ घे. लायका एक्स३१० या लेझर मीटरचा आतला बोर्ड बदलून केलेला असतो, स्वित्झर्लंडच्या बीट हेबचं काम. अंतर, दिशा, उतार एकाच शॉटमध्ये येतात आणि ब्लूटूथने फोनवरच्या टोपोड्रॉइड ॲपमध्ये जातात, वहीत लिहायचं कामच नाही. माझ्याकडे कितीतरी वर्षं आहे, आता टेप हातात धरवत नाही.

चिमणीवाला: @खोलवर तो साधा मागतोय रे. आणि एक्स३१० आता बनत नाही, जुना शोधावा लागतो. शिवाय कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्याचे सेन्सर आधी जुळवून घ्यायचं, सांगितलंच नाहीस. १४ दिशा, प्रत्येकीत ४ वेळा फिरवून, म्हणजे ५६ शॉट्स, तेही लोखंडापासून लांब.

खोलवर: अर्ध्या तासाचं काम आहे ते. नकाशा चुकला तर पुन्हा सगळी गुहा रांगायची त्यापेक्षा परवडलं.

ओलीभिंत: साधा घेतलास तरी एक बघ, मीटर मोजतो कुठून, मागच्या कडेपासून की पुढच्या. आमच्या एकाचं बटण चुकून दाबलं गेलं आणि अख्खा दिवस प्रत्येक लेग मीटरच्या लांबीएवढा कमी भरला. फिरून सुरुवातीच्या स्टेशनवर आलो तरी नकाशात लूप बंद होईना तेव्हा कळलं. तेव्हापासून दर वेळी आत शिरायच्या आधी टेपने एक माहीत असलेलं अंतर तपासतो.

दगडू_दा: टेपच बरी. लेझर मिलिमीटर दाखवतो पण त्याचा उपयोग काय, होकायंत्र १ अंशाने चुकलं की १० मीटरवर १७ सेंमी इकडेतिकडे. आधी बॅकसाइट घ्यायला शिका, म्हणजे पुढच्या स्टेशनवरून मागे बघून तोच लेग पुन्हा मोजायचा.

चिमणीवाला: बॅकसाइट दर लेगला घेतलं तर सर्व्हे संपणारच नाही.

दगडू_दा: संपला नाही तर पुढच्या वेळी करायचा, गुहा कुठे पळून जात नाही. हेल्मेटच्या लाइटचा बॅटरी बॉक्स होकायंत्राजवळ आणल्यावर काटा ६ अंश सरकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. बॅकसाइट नसतं घेतलं तर ते कधीच कळलं नसतं.

ओलीभिंत: तेच म्हणतोय, आधी तपासा. आणि पाण्यावर शॉट मारू नका, किरण एकतर तळापर्यंत जातो नाहीतर उडून समोरच्या भिंतीवर, आकडा काहीतरीच येतो. श्वासाच्या वाफेतूनही तसंच होतं, श्वास रोखून मारायचा. स्टेशनवरच्या माणसाने पांढरं कार्ड धरलं की ठिपका लगेच दिसतो. डोळ्यांच्या उंचीवर मात्र कधीच नाही.

नवखा_केव्हर: डिस्टोएक्स घ्या, सगळे तेच वापरतात.

खोलवर: +१

पाऊलवाट: सगळ्यांचे आभार. डिस्टोएक्स घ्यायचा नाही असं ठरवलं, बजेटच नाही. पण मुख्य लेग लेझरवरही टाकत नाही. टेप नवीन घेतोय, स्टेशन ते स्टेशन तीच, बॅकसाइटसकट. आणि सगळ्यात साधा, टिल्ट सेन्सर (उतार मोजणारा) नसलेला लेझर फक्त स्टेशनपासून डावी-उजवी-वर-खाली भिंती-छतापर्यंतचं अंतर मोजायला, कारण आमचं खरं नुकसान तिथेच होत होतं. मागच्या नकाशात एक दालन आम्ही ८ मीटर उंच लिहिलंय, ते आधी मोजून येतो.

दगडू_दा: मोजलंस की आकडा इथे टाक.

खोलवर: दोन्ही घेऊन फिरणार? वजन वाढेल बघ.