घरी 50 बटेर पाळायचे आहेत, सुरुवात कशी करावी?

केळीवाला_चोपडा
राम राम मंडळी. घरच्या अंड्यांसाठी 50 बटेर ठेवायचा विचार आहे. गच्चीवर 8 बाय 10 ची पत्र्याची शेड रिकामी पडली आहे. गावठी कोंबड्यांचं खुराडं खाली अंगणात आहे. एक जण फेब्रुवारीत पिल्लं देतो म्हणतो. पिंजरा केवढा लागेल? घरची सरकी पेंड आणि मक्याचा भरडा चालेल का?

गिरणाकाठ
फेब्रुवारी सोडा भाऊ. पिल्लू सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतं, म्हणजे नेमकं एप्रिलच्या तोंडावर. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. मादी खाणं तोडते, कवच पातळ पडतं, मग अंडी बंद, आणि दुपारी दोन ते पाचमध्ये पक्षी चोच वासून धापा टाकत पटापट जातात. पिल्लं सप्टेंबरअखेर आणा. नोव्हेंबरात अंडी सुरू होतील आणि उन्हाळ्याची तयारी करायला पाच महिने हातात राहतील: पत्र्याला वरून चुना, त्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा वीतभर थर, पश्चिमेला ओलं गोणपाट. वारा मात्र अडवू नका. बंद खोलीत कूलर लावला की दमट कोंडतं, ते उन्हापेक्षा वाईट.

पिंजरा 3 बाय 2 फुटांचा, दोन मजली, मजल्याला 25 पक्षी. उंची 9-10 इंचच. बटेर दचकला की सरळ वर उडी मारतो. दीड-दोन फूट उंची दिली तर त्याला वेग मिळतो आणि डोकं फुटतं. तळाला अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी, पुढे दोन इंच उतार, म्हणजे अंडं घरंगळत बाहेर येतं. खाली पत्र्याचा ट्रे, तो रोज काढायचा. बटेरांच्या विष्ठेला अमोनियाचा उग्र वास येतो. दोन दिवस राहिली तर शेजारी विचारायला येतील.

पेंडवाला
सरकी पेंड गाई-म्हशींना ठेवा, पक्ष्यांना नको. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. अंडी चार दिवस ठेवली की बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि वाढही मार खाते. नुसत्या भरड्यात प्रथिनं 8-9 टक्के, बटेराच्या पिल्लाला लागतात 24 च्या वर. सोपा हिशेब: 9 किलो ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं पहिलं खाद्य) आणि 1 किलो सोयापेंड, मिक्सरमधून बारीक करून. पिल्लू जेमतेम 8 ग्रॅमचं असतं, मोठा दाणा चोचीत मावत नाही.

अंड्यावर आल्यावर साडेआठ किलो लेअर मॅश (अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य) आणि दीड किलो सोयापेंड. प्रथिनं 21 टक्क्यांच्या आसपास बसतात आणि कॅल्शियमही पुरतं. एका पक्ष्याला दिवसाला 25-30 ग्रॅम, म्हणजे 50 पक्ष्यांना महिन्याला 38-45 किलो. पावसाळ्यात एकदम महिन्याचं भरू नका. मक्याला किंवा शेंगदाणा पेंडीला बुरशी आली की अफलाटॉक्सिन नावाचं विष होतं, आणि उन्हात वाळवून ते जात नाही.

केळीवाला_चोपडा
सरकीचं माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. पिल्लं पहिले दिवस कशी जगवायची? रात्री लाईट जाते आमच्याकडे. आणि नर-मादी कसे ओळखायचे?

गिरणाकाठ
पहिला आठवडा बल्बखाली 35-37 अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कडेला पांगली तर उकाडा. ऑक्टोबर हीटमध्ये दिवसा बल्ब लागणारही नाही, रात्री लागतो. लाईट गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून कोपरे नकोत, पुठ्ठ्याचं गोल कुंपण करा आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा. शेगडी आत नेऊ नका, धुराने जातील.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, ते पुन्हा सरळ होणं अवघड. जुनं गोणपाट बरं. पाण्याच्या झाकणात गोट्या किंवा खडे भरा, फक्त चोच बुडेल एवढी जागा ठेवून. पहिल्या तीन दिवसांत बुडून मरणारी पिल्लं थंडीने मरणाऱ्यांपेक्षा कमी नसतात.

तिसऱ्या आठवड्यात छाती बघा. तांबूस, बिनठिपक्यांची तो नर. फिक्या छातीवर काळे ठिपके ती मादी. साधारण निम्मे नर निघतात. अंडी फक्त खायची असतील तर नर नकोच, मादीच्या डोक्याची कातडी सोलून काढतात. पिल्लं काढायची असतील तर तीन माद्यांना एक नर. बटेर अंड्यावर बसत नाही, इन्क्युबेटर लागतो, 37.5 अंश, 17-18 दिवस. मे महिन्यात तो भानगडीचाच, खोलीच 42 वर असेल तर यंत्र गार कशाने करणार?

आणि उजेड. मादीला 14-16 तास लागतो, नोव्हेंबरात दिवस 11 तासांचा. संध्याकाळी रोज ठरलेल्या वेळी चार-पाच तास बल्ब. रात्रभर नको, टोचाटोची सुरू होते.

नवापूरकर
खालच्या कोंबड्यांची भांडी आणि चप्पल वर नेऊ नका. राणीखेत, कोरायझा हे रोग कोंबड्यांकडून येतात. आमच्या नवापुरात 2006 मध्ये बर्ड फ्लू आला, तेव्हापासून आम्ही यात जरा जास्तच कडक.

पिल्लं फार्मवरचीच, जपानी जातीची घ्या आणि पावती जपून ठेवा. रानातला लावा (रानटी बटेर) पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे.

पिंजऱ्याच्या बाजूंनाही अर्धा इंचीच जाळी लावा. मोठ्या भोकातून उंदीर पाय ओढतो, सकाळी पक्षी जिवंत पण लंगडा सापडतो. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या डब्यात ठेवा, मुंग्या चढत नाहीत. मांजर एक वेळ परवडलं, उंदीर बठ्ठासना (सगळ्यांचा) बाप शे.