मदत हवी आहे: देणगीची पावती आहे पण १०बीई (संस्थेकडून मिळणारं देणगीचं सर्टिफिकेट) नाही, इन्कम टॅक्स रिटर्न कसं भरू?

पगारातला दहावा हिस्सा बाजूला काढायचा असं मी आणि बायकोने ठरवलंय, बराचसा मुलींच्या वसतिगृहाला जातो आणि थोडा एका राजकीय पक्षाला, कारण नुसता दानधर्म करून धोरणं बदलत नाहीत असं आम्हाला मनापासून वाटतं. पक्षाचं काही अडलेलं नाही, ऑनलाइन दिले, पावती आली, ८०जीजीसी मध्ये (पक्षाला दिलेल्या देणगीवरची करसूट) जाईल. अडलंय वसतिगृहाचं. पावतीवर ८०जी चा (देणगीवरच्या करसुटीचं कलम) नंबर आहे, माझा पॅन बरोबर आहे, पण संस्थेने १०बीडी मध्ये (३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं देणगीदारांचं स्टेटमेंट) माझं नावच टाकलेलं नाही त्यामुळे १०बीई सर्टिफिकेट नाही आणि रिटर्नमध्ये एआरएन (त्या सर्टिफिकेटवरचा नंबर) मागतायत. फोन केला, मेल केला, तिथले काका म्हणतात "३१ मे गेली, आता पुढच्या वर्षी बघू". पैसे यूपीआयने दिलेत, कॅश नाही, आणि मी जुन्या टॅक्स रिजीममध्येच आहे (नवीनमध्ये ही सूट मिळतच नाही). संस्थेला लेट फीचा भुर्दंड पडू नये असंही वाटतं, काम खरंच चांगलं आहे त्यांचं.

तर ३१ मे नंतर त्यांना करेक्शन स्टेटमेंट भरून फक्त माझं नाव घालता येतं का, त्यावर दिवसाला २०० रुपयेवाली फी लागते का, आणि तोवर मी ही सूट न घेता रिटर्न भरून नंतर रिवाइज केलं तर चालेल का?