मदत हवी आहे : बुधवारी पाऊस येणार का? आजच सांगा

बांधावरचा :
तीन दिवस झाले, दुपारी बारानंतर रानात उभं राहवत नाही. एक अ‍ॅप बुधवारी पाऊस दाखवतंय, दुसरं कोरडं. टीव्हीवाले एका दमात उष्णतेची लाट पण सांगतात आणि अवकाळी पण. मजुरांची टोळी मंगळवारी येते म्हणते. नको म्हटलं तर पुढं दहा दिवस मिळायची नाही. मुकादमाला संध्याकाळपर्यंत कळवायचंय. काढू की थांबू? भाषण नको, ज्याला कळतं त्यानंच लिहा.

सांजवेळ :
काढू म्हणजे काय काढू? दात?

शिवारफेरी :
पीक कुठलं, तालुका कुठला?

बांधावरचा :
कांदा. उन्हाळ. या दिवसांत दुसरं काय असणार?

शिवारफेरी :
हळद असते, गहू असतो. आमच्या तासगावात बेदाणा रॅकवर असतो, आभाळ आलं की आम्हाला झोप नाही. तालुका सांगा. पातीच्या माना किती पडल्या, म्हणजे कांदा किती तयार झाला? पाणी कधी तोडलं?

ठाण्याची मावशी :
बाहेर पडताना खिशात कांदा ठेवावा, ऊन बाधत नाही. आमच्या सासूबाई नेहमी ठेवायच्या.

बांधावरचा :
मावशी, साडेतीन एकर आहे. एवढे खिसे नाहीत.
तालुका सटाणा. पाणी तोडून बारा दिवस झाले. माना निम्म्याच्या वर पडल्यात. आता सांगा.

पर्जन्यमापक :
टीव्हीवाले दोन्ही सांगतात त्यात विसंगती नाही. जमीन तापते, त्यात समुद्रावरून दमट वारं आलं की दुपारनंतर ढग उभे राहतात. सकाळी निरभ्र आणि चार वाजता गारा, हा एप्रिलचा नेहमीचा खेळ. हवामान खात्याच्या हिशोबात सपाट भागात पारा किमान ४० वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असला की लाट म्हणतात. नुसता घाम आला म्हणून नाही.
बुलेटिनमध्ये बुधवारसाठी 'तुरळक ठिकाणी' लिहिलंय का ते बघा. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. तो तुमच्या शिवारात पडेल की शेजारच्या, हे आज कुणीही सांगू शकत नाही. जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

बांधावरचा :
म्हणजे उत्तर नाहीच.

गोल्टी :
अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा. बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी झाली की वर्षाच्या पाऊसपाण्याचं भाकीत कळतं.

पर्जन्यमापक :
घटमांडणी बुधवार सांगते का?

गोल्टी :
तुमचं अ‍ॅप तरी कुठं सांगतंय?

निळी ताडपत्री :
एवढा खल कशाला? काढा आणि वरून ताडपत्री टाका. मी दरवर्षी टाकतो, एक कांदा खराब नाही.

शिवारफेरी :
दादा, असल्या उन्हात ओल्या पातीच्या कांद्यावर ताडपत्री दाबली की आतून घाम सुटतो. पाऊस न येताच काजळी, म्हणजे काळी बुरशी धरते. पाऊस आला तर तेवढ्यापुरती टाका, आभाळ फाकलं की लगेच काढा. दिवसभर मात्र पातीनंच झाका, एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर. तीन-चार दिवसांनी इंचभर मान ठेवून कापा, मग पंधरा दिवस सावलीत, आणि मग साठवणीच्या चाळीत.

निळी ताडपत्री :
माझी काळी असते, तिचा काही त्रास नाही.

सांजवेळ :
मग नाव निळी कशाला घेतलंत?

कळवणकर :
अहो बांधावरचा, चाळ रिकामी आहे ना?

बांधावरचा :
चाळीत मका आहे.

कळवणकर :
हे आधी सांगायचं होतं! साडेतीन एकर काढून ठेवणार कुठं, व्हरांड्यात? पावसाचा प्रश्न नंतरचा. जमिनीतला कांदा आणखी आठ दिवस तग धरेल, पण उघड्यावर पडलेला नासायला अर्ध्या तासाचा पाऊसही पुरतो. तीन-चार दिवसांत जेवढा छपराखाली जाईल तेवढाच काढा. टोळीला एकरी उक्तं दिलंय की रोजानं?

बांधावरचा :
उक्तं.

कळवणकर :
मग मुकादमाला दोन टप्पे मागा. कुरकुर करेल, पण ऐकेल. आणि वीज चमकायची असेल तर 'दामिनी' अ‍ॅप ठेवा, ते आधी इशारा देतं. माणसं रानात असतील.

लॉनवाला वरबाप :
इथेच विचारतो, वेगळा धागा नको. २८ तारखेला नागपुरात मुलीचं लग्न उघड्या लॉनवर आहे, संध्याकाळचं. पाऊस येईल का?

पर्जन्यमापक :
वरबाप की वधूपिता, ते आधी ठरवा.

बांधावरचा :
मुकादमाशी बोललो. मंगळवारी दीड एकर, बाकीचं पुढच्या खेपेला. एकरी पाचशे वाढवून मागतोय.
सटाण्याजवळ कुणाकडे चाळीस क्विंटल मका ठेवायला जागा आहे का? सोमवारपर्यंत पाहिजे.

ठाण्याची मावशी :
मक्याला कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घाला.