पावागढ पायी चढून बघा
पावागढ हा गुजरातेत बडोद्याजवळचा, कालिकामातेच्या देवळाचा डोंगरी गड. 'पावागढ म्हणजे रोपवेने वर, दर्शन, रोपवेने खाली. चढाईची हौस असेल तर सह्याद्रीतच जा' हे काहींचं मत मला पटत नाही. दर्शनाला गर्दी असते हे मान्य, नवरात्रात तर तिकडे फिरकूच नये. पण मागच्या डिसेंबरात आम्ही बडोद्याहून पहाटे निघून पायथ्याच्या चांपानेर या जुन्या शहरापासून माचीपर्यंतसुद्धा (डोंगराच्या मध्यावरची जागा, जिथून रोपवे सुटतो) पायीच चढलो. जीपगाडी केली असती तर वाटेतली तटबंदी आणि दरवाजे नीट दिसलेच नसते. माचीजवळची सात कमान (जुन्या दगडी कमानींची रांग) अवश्य थांबून पाहा. वर छासिया तलावाकाठी लकुलीशाचं (शंकराचा एक अवतार) जुनं देऊळ आहे, ते तर बहुतेक लोक बघतच नाहीत. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं रात्री याच डोंगराच्या कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून वर चढली होती. तो कडा खालून बघताना अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. हा गड मराठ्यांचाही होता! अठराव्या शतकात तो शिंद्यांकडे आला, १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी घेतला आणि तहानंतर शिंद्यांना परत मिळाला. आपल्या मुलांना हे सांगायलाच हवं. उतरल्यावर चांपानेरच्या जामी मशिदीसाठी निदान तासभर हाताशी ठेवा, आणि परतताना जवळच्या हालोल गावाच्या रस्त्यालगतची गोल वळत खाली जाणारी विहीर चुकवू नका.