डॉक्टरांनी सांगितलेल्याच सेंटरला जायला लागतंय का?

रंकाळाकाठ: आईच्या गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय, चिठ्ठीवर सेंटरचं नाव छापलेलंच हाय त्याच्यावर टिक केली, राजारामपुरीत विचारलं तर दोन हजारानं कमी पण डॉक्टर म्हणतात तिथला रिपोर्ट चालणार नाही. डॉक्टरांचा कट, म्हणजे कमिशन, असतोय काय यात?

कसबाबावडा: असतोय भावा, सगळ्यांचा नसला तरी. रेफर करायला कमिशन घेणं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत सरळ बंद हाय, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं करायची. पण पैसे रोख पाकिटातनं जातात, पुरावा आणायचा कुठनं?

पेठकरीण: का चालणार नाही ते लिहून द्या म्हणा. आमच्या वडिलांच्या वेळी एवढंच म्हटलं, डॉक्टरांनी गुमान दुसरीकडची फिल्म लाईटवर लावून बघितली.

रंकाळाकाठ: उद्याच विचारतो ताई, आईला पायऱ्या चढवेनात.